धवल्याचा दुसरा टेक

२६ जानेवारी
निर्णय झाला. परदेशात म्युझिक कम्पोझिशनमध्ये मास्टर्स. बीकॉमची तीन वर्षं मी पाच वर्षांत केली, म्हणजे कॉलेजचा अनुभव इतरांपेक्षा दोन वर्षांनी जास्तच. अर्जाला लागतं काय? दोन रचनांचं नोटेशन, माणसांनी प्रत्यक्ष गायलेलं-वाजवलेलं दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग, आणि टॅलेंट. टॅलेंट तयार आहे.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास थांबला नाही. म्हणाले, शेवटची तारीख वीस फेब्रुवारी ना? अर्ज गेला तर पुढचं मी बघतो. नाही गेला तर एकवीसला कोन गावी केतनच्या साइट ऑफिसात बसायचं. केतन माझा चुलतभाऊ. बिल्डर. घरात कुठलंही उदाहरण द्यायचं तर त्याचंच देतात.
मी लगेच हो म्हटलं. बाबांना वाटलं मी घाबरेन.

२९ जानेवारी
पहिल्या रचनेचं नाव ठरलं: ‘खाडी, रस्ता, विमानतळ’. नाव ठरलं की निम्मं काम होतं. उद्यापासून रोज पहाटे रियाज.

३० जानेवारी
अलार्मचा सूर बहुतेक रिषभ आहे. तेवढी नोंद घेऊन पुन्हा झोपलो.

४ फेब्रुवारी
पक्ष्यांचे आवाज घ्यायला कर्नाळ्याला गेलो होतो. पायथ्याशी डोंबिवलीचा एक ग्रुप भेटला, ते पुढे हरिश्चंद्रगडाला निघाले होते, जीपमध्ये एक जागा रिकामी होती. आज परत आलो. पक्षी मिळाले नाहीत. शांतता मात्र भरपूर मिळाली, आणि शांतता हाही संगीताचाच भाग आहे. तोवर बाबांनी कॅलेंडरवरचा वीस तारखेचा चौकोन लाल पेनने गिरवून ठेवलाय.

६ फेब्रुवारी
सापडलं! हौसाआत्या!
आत्या आपटा गावी असते. बाबांची चुलतबहीण. ती धवलारीण आहे: आमच्याकडच्या लग्नांत हळदीपासून पुढचं सगळं तिच्या गाण्यावर चालतं. ती गाते तो धवला. भटजी उशिरा आला तर चालतो, आत्या नाही. असा आवाज तिकडच्या प्रोफेसरांनी ऐकलेला असणं शक्य नाही.

दुपारी माइक घेऊन गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत होती. म्हटलं, आत्या, दहा मिनिटं धवला गा. तिने विचारलं, कोनाचं लगीन? म्हटलं, कोणाचं नाही, रेकॉर्डिंग करायचंय. ती हसली, आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं की याचं लगीन नाय आन याला धवला पायजे. मग दोघी हसल्या. लग्न नाही तर धवला नाही. मी बराच वेळ विनवत बसलो, तर माझ्यापुढे सुकटीचं सूप सरकवलं. निवडून दिली.
काळजी नाही. केतनची हळद बारालाच आहे. आपट्यालाच.

१० फेब्रुवारी
केतनला सांगितलं, हळद लागताना डीजे दहा मिनिटं बंद हवा. त्याने विचारलं, तुझ्यासाठी? म्हटलं, आत्यासाठी. लगेच हो म्हणाला. माझ्या नावाला वजन नाही ही समाजाची अडचण आहे, माझी नाही.
नोटेशन अजून सुरू व्हायचंय. टेन्शन नाही. नखं मात्र संपली.

१२ फेब्रुवारी
हे शांतपणे लिहितोय.
माइक मांडवाच्या खांबाला बांधला, आंब्याच्या पानांच्या मागे. रेकॉर्डर माझ्या हातात. डीजे बंद झाला. पोरं ओरडली, मग गप्प बसली. केतन पाटावर. भोवती पाच सवाष्णी, हात हळदीने माखलेले. आत्याने सुरुवात केली.
काय आवाज! माझ्या अंगावर काटा आला. बाबाही मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होते. मला वाटलं, झालं, ॲडमिशन झाली.
तेवढ्यात बाहेर कोणीतरी बाइकचा हॉर्न दाबला. लांबलचक. रेकॉर्डरवरचा काटा लालमध्ये. कुठलाही प्रोफेशनल करेल तेच मी केलं. स्टॉप दाबला, हात वर केला आणि म्हटलं, ‘आत्या, कट. परत पहिल्यापासून.’

ती थांबली. सवाष्णींचे हात केतनच्या गालांपाशी तसेच अधांतरी. हळदीचे थेंब पाटावर पडत होते, ते ऐकू येत होतं. इतकी शांतता हरिश्चंद्रगडावरही नव्हती.
आत्या म्हणाली, ‘हलद काय दोनदा लावतान का रं?’
मी म्हटलं, फक्त एक टेक.
मनिषाकाकू, केतनची आई, रडायला लागली. मधेच तोडलं, माझ्या पोराचं मधेच तोडलं, एवढंच म्हणत होती. केतन पाटावरून उठू शकत नव्हता, म्हणून मी वाचलो. बाबांनी दंड धरून मला मांडवाबाहेर नेलं. मागे आत्याने जिथे तुटलं होतं तिथूनच धवला उचलला, आधीपेक्षा चढा. सगळ्या बायका तिच्या मागून.
आयुष्यात ऐकलेलं सर्वांत भारी संगीत. रेकॉर्डर बंद होता.

१४ फेब्रुवारी
काल केतनचं लग्न. मला गाड्यांच्या पार्किंगला ठेवलं. लांबून अभ्यास केला.
रेकॉर्डिंग ऐकलं. चार मिनिटं आहे. शेवटी हॉर्न आणि माझा ‘कट’. तीनदा जोडलं तर बारा मिनिटं होतात. अशा रिपीटला परदेशात फार मान आहे.

१८ फेब्रुवारी
अर्जाचं शेवटचं पान आज प्रथम उघडलं. गाणाऱ्याची लेखी संमती जोडायची आहे. इतकी छोटी गोष्ट त्यांनी इतक्या खाली का लिहावी?
उद्या आपटा. उद्या नको, आत्याचा राग अजून ताजा असेल. परवा.

२० फेब्रुवारी
अर्ज संध्याकाळी साडेपाचला बंद. दुपारी आत्याकडे पोचलो. तिने पाणी दिलं, म्हणजे राग गेला असं मी धरलं. कागद पुढे केला. तिला सही येते, छान येते. पण पेन हातात घेऊन तिने विचारलं, यानं काय व्हनार? म्हटलं, मला शाळेत घेतील.
‘राजस, ह्यो धवला केतनचा हाय. त्याच्या हलदीला गायला. तुज्या शालेला कसा देऊ?’
तिथूनच केतनला फोन लावला. सगळं समजावलं. तो म्हणाला, माझा आहे ना? मग नाही देत. उद्या नऊला ये.

आत्याने पेन परत दिलं. मी ते खिशाला उलटं अडकवलं, ते तिने बघितलं. आवाज उतरवून म्हणाली, ‘तुजं लगीन काढ. मंग रातभर गाईन.’
पळस्पे फाट्यावर ट्रॅफिक. साडेपाच वाजलेले मी सिग्नलवर पाहिले.
आत्याची खोटी सही मी करू शकलो असतो. केली नाही. तत्त्व म्हणून अर्ज सोडला. दोन्ही रचनांचं नोटेशनही झालं नव्हतं, पण तो वेगळा विषय.

२५ फेब्रुवारी
कोन. तात्पुरतं. काँक्रीट मिक्सरच्या लयीचा अभ्यास सुरू आहे. केतन याला सुपरव्हिजन म्हणतो.
विचार करता आत्याचं बरोबर आहे. माझं लग्न, म्हणजे धवला माझा. संमतीचा प्रश्नच नाही. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी हाच मार्ग. बाबांना म्हटलं, स्थळं बघायला हरकत नाही. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या प्लॅनला लगेच हो म्हटलं.

८ मार्च
चिरनेरला मुलगी बघायला गेलो. हौसाआत्याने आणलेलं स्थळ. कीर्ती, बँकेत आहे, सरळ डोळ्यांत बघून बोलते. तिच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? बाबा म्हणाले, कोनला साइट सांभाळतो. बरोबरच होतं. मी पोह्यांतले शेंगदाणे वेगळे करत होतो.
मग कीर्तीने मला विचारलं, हौसाआत्या म्हणत होत्या, तुम्हाला संगीताची आवड आहे?
मी तोंड उघडलं, तोवर बाबा म्हणाले, ‘होती.’
मी चहा उचलला. चांगला झाला होता.