जहाजाची वेळ

युरिदिया बाळा,

तू पाठवलेलं घड्याळ मिळालं. सोबत चिठ्ठी, "जुन्यानं घात केला, आई. आता हे लाव." तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

आपल्या कोझुमेल बेटावरच्या बाजारात सगळी घड्याळं पर्यटकांच्या जहाजाच्या वेळेवर, गावापेक्षा तासभर पुढे. त्या दिवशी आठ महिन्यांनी तुझं जहाज इथं थांबलं होतं. आपल्या दुकानातल्या झुल्यात पाय पसरून तू माझ्या हातचे पानुचो, घेवडा भरलेल्या तळलेल्या पोळ्या, खात होतीस. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणालीस, "अजून दोन कर गं, वेळ आहे."

मी केले.

तेवढ्यात शेजारची चोना ओरडली, "अगं, जहाजाचा भोंगा झाला की! आता काय पोहत जाणार?"

तू अनवाणी धावलीस. धक्का रिकामा होता.

जहाजावरची नोकरी गेली. मला वाटलं, आता घरी राहशील. तू कानकुनला गेलीस, हॉटेलच्या खोल्या झाडायला.

जुनं घड्याळ बिघडलं नव्हतं गं. सकाळी स्टुलावर चढून मीच काटा तासभर मागे नेला होता.

नवं अजून खोक्यातच आहे. स्टुलावर चढायचा धीर होत नाही.

तुझीच,
आई कासिमिरा