पान त्रेसष्ट

जबलपूर,
१९ जुलै १९९७

प्रिय अनसूया,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड जूनच्या पहिल्या आठवड्यातच मिळालं. भूकंपाची बातमी वाचून तू सोळा वर्षांनी चार ओळी लिहिल्यास आणि मी उत्तराला दीड महिना लावला. आम्ही ठीक आहोत. स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडली होती, ती बुजवून घेतली. खमरियात तुमच्या जुन्या क्वार्टरवरून मुद्दाम जाऊन आले. उभं आहे, कुणी तरी निळा रंग दिलाय. शेवंतामावशी तुझ्याजवळच असतात हे वाचून बरं वाटलं. चंद्रपूरचा उन्हाळा त्यांना सोसतो का? त्यांना माझा जयभीम सांग.

त्यांचा प्रश्न मी अजून वर्गात सांगते. आपण दोघी त्यांच्या ओट्यावर अरेषीय समीकरणांचे कागद पसरून बसायचो आणि त्या विचारायच्या, किती आलं उत्तर? तू म्हणायचीस, उत्तर काढत नाही आई, उत्तर आहे एवढंच दाखवतो. "हाये एवढंच सांगता, कोनतं ते नाही सांगत? मंग दिवसभर करून काय राहिल्या व पोरींनो?" मुलं हसतात, आणि मी शिकवायला लागते.

उशीर झाला तो शकुमुळे. शकु माझी एम.फिल.ची विद्यार्थिनी, गोहलपुरात तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिला वाचायला मी माझाच प्रबंध दिला होता. तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात ती तो घेऊन आली आणि म्हणाली, "दीदी, पूरी थीसिस में लिखाई इतनी सुंदर है. सिर्फ तिरसठ पर क्यों बिगड़ गई?"

तुला आठवत असेल. टायपिस्ट नुसता मजकूर टाइप करायचा आणि चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायचा. त्या आपण काळ्या शाईनं हातानं भरायच्या. माझं अक्षर वाकडं, म्हणून माझ्या तिन्ही प्रती तूच भरायला घेतल्यास. त्रेसष्टाव्या पानावर तू थांबलीस. अंदाजे उत्तरांची माळ घ्यायची, तिची सीमा काढायची आणि तीच समीकरणाचं उत्तर आहे म्हणायचं, असं मी तिथे लिहिलं होतं. तू पेन ठेवलास. म्हणालीस, "मीरा, हे जमून नाही राहिलं." माळ नुसती सरासरीनं जवळ जात होती, आणि अरेषीय पद आलं की तेवढ्यानं भागत नाही. मला ते पाच मिनिटांत पटलं. मी म्हटलं, शनिवारी सेमिनारमध्ये आपल्या गाईडसरांना विचार, मी तुझ्या बाजूनं बोलेन.

शनिवारी तू फळ्यावर लाटा काढल्यास, एकीपेक्षा एक दाट. हिंदीत म्हणालीस की लाटा सरासरीनं शून्याकडे जातात, पण त्यांचा वर्ग करा, तो जात नाही. सर तुझ्याकडे न बघताच म्हणाले की खमरियाच्या कारखान्यात माल तपासायचं खातं असतं, तिथे अनसूयाबाईंचा चांगला उपयोग होईल. तुझे वडील त्याच कारखान्यात होते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसले. मीही हसले. मग सरांनी विचारलं, "मीरा, तू पडताळलंस ना?"

मी म्हणाले, "हो सर."

त्या पानावरच्या जागा नंतर मी भरल्या.

इथपर्यंत तुला माहीत आहे. तुझ्या कार्डात त्याचा उल्लेखही नाही, हा तुझा मोठेपणा. पण पुढचं तुला माहीत नाही.

आठ दिवसांनी तू तुझ्या भावाच्या, गुणवंतच्या हाती चार पानं पाठवलीस. सोबत चिठ्ठी होती: सरांना दाखव, मी त्यांच्यासमोर उभी नाही राहणार. कोणती अट घातली की सीमा खरोखर उत्तर ठरते, ते तू मांडलं होतंस. एलिप्टिक प्रकारच्या समीकरणांसाठी सिद्धता पुरी होती, आणि चौथ्या पानावर पॅराबोलिक प्रकाराची सुरुवात. मूळ युक्ती नियतकालिकांच्या जुन्या अंकांतली, पण अट इतकी सैल करणं तुझं. तू महिनाभर वाट पाहिलीस. सरांकडून शब्द आला नाही, तेव्हा पीएच.डी.तून नाव काढून घेतलंस आणि चंद्रपूरला शाळेत लागलीस. सरांनी वाचलं आणि त्यांना ते बोलण्याच्याही लायकीचं वाटलं नाही, अशी तुझी समजूत आहे. गुणवंतनं मला तेव्हाच सांगितलं होतं.

अनु, सरांनी ती पानं पाहिलीच नाहीत. मी दिली नाहीत.

दिली असती तर माझं पान त्रेसष्ट उघडं पडलं असतं, आणि माझी तोंडी परीक्षा सव्वा महिन्यावर आली होती. ती झाली की देऊ, असं मनाशी म्हटलं. मग नोकरी, मग लग्न. पाच वर्षांनी ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात तीच अट दिसली, दोन अनोळखी माणसांच्या नावावर. मी अंक मिटून जागेवर ठेवला. आता पानं देऊन काही होणार नव्हतं. खरं लिहायचं तर मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं.

शकुला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि प्रबंध उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणते.

मग मी सरांकडे गेले. ऐंशी वर्षांचे आहेत, सदर भागात मुलीकडे असतात. इतकी वर्षं मला एक आधार होता, की दाखवली असती तरी सरांनी ती पानं बाजूलाच टाकली असती. व्हरांड्यात बसून भिंगानं त्यांनी चारही पानं वाचली. पाऊण तास लागला. चहा तसाच निवला. मग म्हणाले, "हे तेव्हा पाहिलं असतं तर मी हिला जाऊ दिलं नसतं."

हे खरं, की आता सुचलेलं, मला ठरवता येत नाही. कारखान्याचं ते बोलणं त्यांना आठवत नाही. मला आठवतं. पण माझा आधार गेला.

विद्यापीठाला आणि माझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला मी कळवलं आहे की सिद्धता त्रेसष्टाव्या पानावर तुटते, चूक १९८१ साली अनसूया रंगारी यांनी दाखवली होती, आणि ती मला तेव्हाच कळली होती. पदवीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माझं ते प्रमेय खरं आहे की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. लोक मात्र सोळा वर्षं त्याचा आधार देत आले आहेत.

चार पानं या पत्रासोबत आहेत. मूळचीच. मी नक्कल ठेवलेली नाही.

सरांनी तुझा पत्ता मागितला, तुला लिहायचं म्हणाले. मी दिला नाही. तुझ्या वतीनं न विचारता एकदा ठरवून झालं आहे, आता नको. देऊ की नको, एवढं एका ओळीत कळव.

उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन, असं शेवटी लिहिणार होते. ते खोटं झालं असतं.

रोज टपालाची वाट पाहणारी,
मीरा