बांधातली दोन खिंडारं

प्रिय बेडकी,

अक्षर पाहूनच ओळखलं असशील. ओळखूनही इथवर वाचत आलीस, यातच माझं अर्धं काम झालं. अकरा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून सुरुवातीला तुझी ख्यालीखुशाली विचारणार होते, पण तसं लिहिलं तर माझं मलाच खोटं वाटेल. त्यापेक्षा आधी चांगली बातमी सांगते, कारण ती तुझी आहे.

तीन आठवड्यांपूर्वी नदी पाच दिवस फुगली होती, ते तू खिडकीतून पाहिलंच असशील. तुमच्या धक्क्यावरच्या पट्टीवर पाणी सहा मीटरला थांबलं. अकरा वर्षांपूर्वी वरून एवढंच पाणी आलं होतं, तेव्हा त्याच पट्टीवर ते साडेसात मीटरला गेलं होतं. या वेळी खालच्या आळीत एकाही घरात शिरलं नाही. कोपऱ्यावरची बेकरी म्हणे एक दिवससुद्धा बंद नव्हती. ते दीड मीटर पाणी गेलं कुठे, हे तिथून दिसलं नसेल, ते मी पाहिलं. ते आमच्या बाजूच्या पाणथळीत होतं. लव्हाळ्यात, वाळुंजांच्या बुंध्यांशी, छातीभर उंच आणि इतकं संथ की त्यावर पाणकोंबड्या पोहत होत्या. नऊ दिवस ते तिथे बसून राहिलं आणि मग कुणाला धक्का न लावता हळूहळू परत नदीत उतरलं. मी बांधावर उभी राहून रडले. सोबतच्या लोकांना वाटलं, बाईंच्या डोळ्यांत काहीतरी गेलं.

तुला सात नंबरची खोली आठवते? दोन देशांच्या दोन मुली, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, आणि एकुलत्या एका बादलीत तू पाळलेले बेडूकमासे. मी आंघोळ कशात करायची, याचा विचार तू कधी केला नाहीस. आवाजावरून बेडूक ओळखायचीस म्हणून तुझं नाव बेडकी पडलं, आणि मी दिसेल ते मोजत बसायचे म्हणून तू मला मोजपट्टी म्हणायचीस. शेवटच्या आठवड्यात तू व्याख्यान द्यायला उभी राहिलीस आणि टेबलाचे दोन पाय विटांवर चढवलेस. उतारावर तांब्याभर पाणी ओतलंस, ते थेट सरांच्या मांडीवर. मग वसतिगृहाचं पायपुसणं मध्ये अंथरलंस आणि पुन्हा तांब्याभर ओतलंस. सर दचकून मागे सरले, पण त्यांच्यापर्यंत थेंब थेंबच पोचला. तू म्हणालीस, "पाणथळ म्हणजे हे पायपुसणं. नदीचं पोट काढून घेतलंत आणि नुसता गळा ठेवलात, तर ती ओकणारच." सगळे हसले. मीही हसले, आणि वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पुढे बारा वर्षांनी आमच्या खात्याने सात किलोमीटरचा बांध घालायचं ठरवलं आणि तो माझ्या ताब्यात दिला. आमच्याकडे बाईच्या हाती एवढं काम तोवर कुणी दिलं नव्हतं. आईने वर्तमानपत्रातला माझा फोटो चौकट करून समोरच्या खोलीत लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी दूधवाल्यालाही, तो दाखवायची. मी रोज सकाळी बांधावरून चालत जायचे. सरळसोट, स्वच्छ, कुठे वळण नाही. उजवीकडे नदी, डावीकडे पाणी तोडल्यामुळे वाळत चाललेली पाणथळ. मला तो बांध खरंच सुंदर वाटायचा. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

तीन वर्षांनी पूर आला. आमच्या बाजूला पसरायला जागा उरली नव्हती, म्हणून सगळं पाणी तुमच्यावर गेलं. खालच्या आळीतला शिंपी आणि त्याची आई गेली. पुढची चौकशी तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बांधावरचा तुमच्या देशाचा आक्षेप मुदतीत आमच्याकडे पोचलाच नाही, असं ठरलं. तो पाठवायची जबाबदारी तुझ्या प्रयोगशाळेची होती आणि तुझ्या अहवालासकट तो तू मावसभावाच्या हाती पाठवला होतास, म्हणून ठपका तुझ्यावर आला. तू राजीनामा दिलास. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतेस, असं ऐकलं. त्या वर्षी तुझं शेवटचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. मी तिचं उत्तर दिलं नाही.

आता मधल्या पाच वर्षांचं सांगते. नदी ज्या चार देशांतून वाहते त्यांनी मिळून एक आयोग नेमला, आणि भिंती चढवत बसण्यापेक्षा पाणथळी परत आणायच्या असं ठरलं. आमच्या बांधाला दोन खिंडारं पाडायची होती. कुठे पाडायची, हे ज्याने बांधला त्यालाच ठाऊक असणार, म्हणून मला बोलावलं. पहिलं खिंडार पाडलं त्या दिवशी यंत्रावरचा चालक मला म्हणाला, "बाई, काय काँक्रीट घातलंय हो, दात तुटला यंत्राचा!" आयुष्यात कामाची अशी शाबासकी मिळाली आणि मान वर करता आली नाही.

त्याच बांधाच्या कडेला सिमेंटचं जुनं गोदाम होतं, तिथे प्रशिक्षण केंद्र उघडलं. एका तुकडीत चोवीस जण. धरणाची दारं चालवणारे, बांधावरचे रखवालदार, रोपवाटिकेतल्या बायका, नगरपालिकेचे कारकून, चारही देशांतले. पहिल्या तुकडीत सगळे लग्नातल्या दोन्हीकडच्या मंडळींसारखे आपापल्या बाजूला धरून बसले होते. तुमच्या धक्क्यावरचे रखवालदार तुला माहीत असतील. झुपकेदार मिशा, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना मिशाळकाका म्हणतो. मी खडू हातात घेते न घेते तोच ते उभे राहिले. "बाई, तुमच्या बांधाने आमचा शिंपी मारला. आणि आता तुम्हीच आम्हाला शिकवणार?" मी म्हटलं, "शिकवत नाही. माझं काय चुकलं ते दाखवते. पुढचं तुम्ही मला शिकवा." ते बसले, पण दोन दिवस माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चिखलात माझा बूट रुतला. मला ओढायला तेच आले, आणि आम्ही दोघंही पाठीवर पडलो. चार देश एका दमात हसले. त्यानंतर लव्हाळ्याचे गड्डे कसे लावायचे, काठी किती खोल रोवायची, कुठल्या महिन्यात हात लावायचा नाही, हे सगळं काकांनीच शिकवलं. आता वरच्या धरणाची दारं उघडायची झाली की पहिला फोन थेट मिशाळकाकांना येतो. तुमच्या राजधानीला नंतर कळतं. हा फोन कुठल्याही करारात नाही. दारं चालवणारी बाई आणि काका एका बाकावर बसून शिकले, एवढंच.

आणि दर तुकडीला पहिल्या दिवशी मी टेबलाचे दोन पाय विटांवर चढवते आणि पायपुसणं अंथरते. लोक विचारतात, ही युक्ती कुणाची. मी म्हणते, एका मैत्रिणीची. नाव सांगायला जीभ उचलत नाही.

पूर ओसरल्यावर पातळ्यांच्या खुणा नोंदवायला यंदाच्या तुकडीला घेऊन मी तुमच्या काठावर आले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. पुलापासून धक्क्यापर्यंत आम्हाला न्यायला तुमच्या नगरपालिकेची बस होती. चढता चढता मिशाळकाका चालकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बाई, कागदपत्रं तुमच्याजवळच ठेवा बरं! आमच्या गावात याला 'पाकीट' म्हणतात. याच्या हाती दिलेलं काही पोचत नाही." सगळे हसले. चालकही हसला, सवयीने हसावं तसा. केस पांढरे झालेत, खांदे उतरलेत, तरी मी ओळखलं. तुझा मावसभाऊ.

बाकीचे धक्क्यावर मोजमाप घेत होते तेव्हा तो बसच्या पायरीवर बसला होता. मी जवळ गेले. उठून उभा राहिला आणि आधी "यंदा पाणी चांगलं अडवलंत" म्हणाला. मग थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "ताई, एक विचारू? रागावू नका. मी ते पाकीट तुमच्याच हातात दिलं होतं ना? पाऊस होता, म्हणून शर्टाच्या आत घालून आणलं होतं. तुम्ही मला टॉवेल दिला, चहा दिला. सगळं लख्ख आठवतंय. पण अकरा वर्षं सगळे म्हणतात मी हरवलं, तर हल्ली माझी मलाच शंका येते."

मी म्हटलं, "माझ्याच हातात दिलंत. कोरडं होतं."

तो परत पायरीवर बसला. मला एक वाकडा शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, "मग माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं." बहीण बोलत नाही, हेही त्याने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, गल्लीत नवा दिवा लागला हे सांगावं तसं. मी विचारलं, पुढे मी काय करू. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा. पण ती माझ्याकडून कधी ऐकणार नाही."

बेडके, तुझ्या त्या शेवटच्या पत्रात तू विचारलं होतंस, "माझं पाकीट तुला मिळालं होतं का?" हो, मिळालं होतं. मुदतीच्या सहा दिवस आधी. मी त्या संध्याकाळीच सगळं वाचलं, तू काढलेल्या आकृत्यांसकट. पाणी किती चढेल याचा तुझा आकडा प्रत्यक्षात बोटभरही चुकला नाही. ते कार्यालयात दाखल केलं असतं तर काम थांबलं असतं आणि माझ्या हातून गेलं असतं. मी ते नकाशांच्या खाली कपाटात ठेवलं. पुढे चौकशीत आमच्याकडून तुमच्याकडे उत्तर गेलं, "सदर अहवाल या कार्यालयास प्राप्त झालेला नाही." त्यावर सही माझी. कार्यालयाला नव्हताच मिळाला, मला मिळाला होता. असल्या वाक्यावर माणूस अकरा वर्षं जगू शकतो. मी जगले. तू मावसभावावर संशय घेतलास की माझ्यावर, मला माहीत नाही. माझ्यावर घ्यायला तुझं मन धजलं नसेल, असं वाटतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागतं.

सोमवारी मी आयोगाकडे लेखी जबाब दिला. तुझा मूळ अहवाल, पाकिटासकट, जोडला आहे. जबाबाची प्रत या पत्रासोबत आहे. प्रशिक्षणाचं काम मी सोडलंय, चौकशी होईल, जे व्हायचं ते होईल. आईला सांगितलं. तो फोटो मात्र तिने भिंतीवरून उतरवला नाही. "बांध तू बांधलास आणि तूच फोडलास, फोटो दोन्हीचा आहे," म्हणाली. पुढच्या तुकडीला कोण शिकवणार असं आयोगाने विचारलं, तेव्हा मी तुझं नाव दिलं. हे उपकार नाहीत, ते काम पहिल्यापासून तुझंच होतं. त्यांचं पत्र येईल, हो म्हण किंवा नाही म्हण. मिशाळकाका मात्र तू येणार असं धरूनच गोदामाच्या खिडक्या पुसून घेतायत. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही, आणि माफीसाठीही नाही. ती मागायला मी तुझ्या दारात येईन, तू बोलावलंस तर. जबाब येत्या गुरुवारी बैठकीत वाचला जाईल आणि शुक्रवारी तुमच्या वर्तमानपत्रात येईल. मग सगळं गाव तुझ्या मावसभावाच्या बसपाशी जमेल, पाठ थोपटेल. त्याआधी तू त्याच्याकडे गेलेली असावीस, म्हणून घाईने लिहिलं. खरं काय ते त्याला माझ्याकडून कळलंय, पण त्याला ते हवं होतं तुझ्या तोंडून. दुपारी तीननंतर तो घरीच असतो. आज जमलं तर आजच जा.

तुझीच,
आणि हे लिहायचा हक्क उरला नसेल, तरीही तुझीच,
मोजपट्टी