मी ऐकलेलं नाव

मयूर विहार, दिल्ली
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय चंदा,

अक्षर ओळखलंस ना? वयानं थोडं बिघडलंय आता. नागपूरहून तुझी अकरा पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटच्या पत्रात तू विचारलं होतंस, "भालचंद्रला नाही म्हटलं म्हणून रागावलीस का गं?" नाही चंदा. तो माझा भाऊ असला तरी त्यावरून तुझ्यावर मी एक दिवसही रागावले नाही.

गेल्या महिन्यात मी रिटायर झाले. परवा स्वेटर घ्यायचं निमित्त करून सरोजिनी नगरला गेले आणि बाजार सोडून सरळ आपल्या क्वार्टरपाशी जाऊन उभी राहिले. आपल्या गच्चीवर कुणाच्या तरी रजया उन्हात टाकलेल्या होत्या. एक बाई बाहेर आली, "किससे मिलना है, आंटी?" म्हणाली. "किसी से नहीं" म्हणून मी परत फिरले. बसमध्ये बसल्यावर मात्र रडू आलं. त्या दोन खोल्यांत आपण सात वर्षं काढली. तुझ्या नवऱ्याचं, उल्हासचं, पोस्टिंग सरहद्दीवर, तुझी दिल्लीत टायपिस्टची नोकरी, आणि क्वार्टर माझ्या नावावर. गच्चीवर मटार सोलत बसायचो तेव्हा दाणे डब्यात कमी आणि तुझ्या तोंडात जास्त जायचे. तेवढं हसणं मला त्यानंतर मिळालं नाही.

माझ्या कामाबद्दल तेव्हा तुला फार सांगता येत नसे. मी औरंगाबादची, निजामाच्या काळात उर्दू शिकलेली, म्हणून मला घेतलेलं. कानाला हेडफोन लावून सरहद्दीपलीकडची रेडिओ प्रसारणं ऐकायची, उतरवून घ्यायची आणि त्यातलं खरं किती, पेरलेलं किती, हे समासात लिहायचं. आमचे सेक्शनप्रमुख अण्णासाहेब नव्या लोकांना शिकवायचे, "चुकून सांगितलेलं खोटं वेगळं आणि ठरवून सांगितलेलं वेगळं. ठरवून सांगणारा आधी बघतो, समोरच्याला भूक कशाची आहे. मग नऊ खऱ्या गोष्टींच्या मध्ये दहावी आपली सरकवतो. एखादी बारीकशी चूकही ठेवतो, कारण फार नीटनेटकं असलं की माणूस शंका घेतो." मी या कामात हुशार होते, चंदा. माझ्या समासातल्या खुणा सहसा चुकत नसत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तुला ती तार आली. उल्हास बेपत्ता. वृंदा तीन महिन्यांची होती. तू रडली नाहीस, पण जेवणं सोडलंस. दूध आटलं. पोर भुकेनं किंचाळायची आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. वरच्या मजल्यावरच्या हेमलताबाई तिला बाटलीनं दूध पाजायच्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना जगायचं कारण द्या, औषधानं काही व्हायचं नाही." त्या दिवसांत पलीकडून कैद्यांची नावं वाचली जायची. आपल्या ट्रान्झिस्टरवर ते केंद्र नुसतं खरखरायचं, पण आमच्या यंत्रांवर स्वच्छ लागायचं. रोज ड्यूटीवरून आले की तू फक्त डोळे उघडून माझ्याकडे बघायचीस. मी मान हलवायचे. तू डोळे मिटायचीस.

जानेवारीतल्या एका दुपारी मी घरी आले आणि म्हणाले, "चंदा, नाव आलं." तू उठून बसलीस. "नक्की काय म्हणाला? शब्द न् शब्द सांग." मी सांगितलं, की आधी दोन शिपायांची नावं आली, मग 'कॅप्टन उल्हास रतन' म्हणून निवेदक थांबला, अडखळला आणि मग 'पारखी' म्हणाला. रत्नपारखी त्याला एका दमात म्हणता आलं नाही. तू हसलीस. किती दिवसांनी! "त्यांच्या युनिटमध्येही सगळे तस्संच म्हणतात," म्हणालीस. मग मी तुला बजावलं, की हे कुणाला सांगायचं नाही, माझी नोकरी जाईल. त्या संध्याकाळी तू पिठलं-भात जेवलीस आणि वृंदाला जवळ घेतलंस.

पुढे कैदी परत यायला लागले तेव्हा आपण दोघी सरहद्दीवर अटारीला गेलो होतो, आठवतं? ट्रकमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला तू फोटो दाखवत होतीस. एका हवालदारानं तुझ्या तोंडाकडे पाहिलं, फोटोकडे नीटसं पाहिलंही नाही, आणि म्हणाला, "हां भाभी, थे शायद. दूसरी बैरक में." तू माझा हात इतका दाबलास की बांगडी फुटली. आणि तुला सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, असेल. असेलच तो तिथे.

तो आला नाही. शेवटची यादी झाली तरी तू थांबलीस. सत्त्याहत्तर साली भालचंद्रनं तुला मागणी घातली. वृंदाला शाळेत सोडणं, तिच्याकडून पाढे म्हणून घेणं, सगळं तोच करायचा. ती त्याला बाबा म्हणायला लागली होती आणि तू तिला दटावायचीस. तू त्याला शांतपणे म्हणालीस, "माझा नवरा जिवंत आहे. तुमच्या बहिणीनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय." मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. भालचंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे ठेवला आणि आत निघून गेले. वर्षभरात तू बदली मागून घेऊन नागपूरला गेलीस. भालचंद्र अजून एकटाच आहे. त्यानं मला कधी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

काल वृंदा इथे आली होती. दार उघडलं तर क्षणभर वाटलं, तूच. तशीच मान तिरकी करून बोलते. तिच्याकडे फाइल होती. बेपत्ता जवानांच्या घरच्यांबरोबर तीही सरकारकडे अर्ज करतेय. म्हणाली, "मावशी, आईनं तुमची नोकरी जाऊ नये म्हणून बावीस वर्षं बाहेर कुणाला सांगितलं नाही. आता तुम्ही रिटायर झालात. बाबांचं नाव रेडिओवर आलं होतं, एवढं लिहून द्या. आमच्याकडे दुसरा पुरावाच नाही." कागद टाइप करूनच आणलेला. माझं नाव, माझं पद, आणि त्याखाली ती 'रतन' आणि 'पारखी'ची हकीकत, अगदी शब्द न् शब्द. सोमवारी ती सही घ्यायला येईल. मी सही करणार नाही, चंदा. त्या दुपारी कुठलंच नाव आलं नव्हतं. त्या दिवशी यादी वाचलीच गेली नाही, मी दिवसभर हवामानाच्या बातम्या उतरवत होते. ते अडखळणं माझं, ते थांबणंही माझं. तुला जगवायला म्हणून सांगितलं, हे खरं आहे. पण तू जेवायला लागल्यावरही सांगितलं नाही, कारण मग तू मला सोडून गेली असतीस. सोमवारी वृंदाला हे सांगावंच लागेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र उद्या सकाळी नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती देते आहे. वृंदाला काय सांगायचं ते तू ठरवू नकोस, ते माझं काम. तू फक्त सोमवारी तिच्याशी फोनवर बोलायला घरी थांब. आणि मला काही लिहावंसं तुला वाटलं नाही, तरी मी समजेन.

तरीही तुझीच,
अलकनंदा