डावीकडून बसायची खुर्ची

गुरुवार, ६ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकमेकींना बरी आहे म्हणून सांगतो आणि ठेवून देतो. पत्रात निदान पान भरावं लागतं, म्हणून लिहायला बसले.

वाचनालयामागच्या बागेत बुधवारचे जॅझचे कार्यक्रम सुरू झाले. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आणि फुकट. ऑफिसातली माणसं डबे घेऊन हिरवळीवर बसतात आणि अर्ध्या तासाने घड्याळ बघत उठतात. दरवर्षी आम्ही दोघं जायचो. काल मी एकटी गेले. सवयीने दोन्ही घडीच्या खुर्च्या उचलल्या, आणि एकच पुरली असती हे बागेत पोचल्यावर ध्यानात आलं.

ह्यांची खुर्ची तुम्ही पाहिलेली नाही. तिचा एक खिळा पहिल्या दिवसापासून ढिला आहे. कोणीही बसलं की ती माणसासकट मिटते. मी एकदा मिटले आहे. हे मात्र बसले की ती मुकाट्याने उभी राहायची. खुर्चीत दोष नाही, तुझ्या बसण्यात आहे, असं हे मला ऐकवायचे.

काल एका बाईने विचारलं, की इथे कोणी बसणार आहे का. मी हो म्हणाले. मग तासभर त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहिले.

जॅझवर एक पुस्तक आणून वाचलं. मला समजलं ते असं: आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेक जण ती सोडून भटकायला जातो आणि बाकीचे मागे दार उघडं ठेवतात. तो परत येतो. दर वेळी येतो, हे मला आवडलं.

तुमच्या दादांना शेवटचं पोचवून गेलात त्या तुम्ही इकडे फिरकला नाहीत. शेवटचा कार्यक्रम जुलैच्या अखेरीस आहे. या.

लोभ आहेच, तो वापरात राहू द्यावा.

तुमची,
वहिनी


बुधवार, १२ जून

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. यायचं मनात खूप आहे, पण गुडघे ऐकत नाहीत. शिवाय घरात रंगारी शिरले आहेत. एक खोली रंगवतात आणि दुसरीत झोपतात.

त्या खुर्चीचं म्हणाल तर ती भंगारात द्या. दुकानदाराला जी वस्तू कोणाच्या गळ्यात मारता येत नसे, ती दादा हौसेने विकत आणायचा. लहानपणी त्याने एक छत्री आणली होती, ती फक्त घरात उघडायची.

आणि कार्यक्रमाला जाता ते ठीक आहे, पण जेवता का? पत्रात खुर्ची आहे, पुस्तक आहे, इतरांचे डबेसुद्धा आहेत. तुमचा डबा कुठेच दिसला नाही.

आमचे साहेब नमस्कार सांगतात. तेही रंगाऱ्यांबरोबर झोपले आहेत.

माया आहे तेवढीच ठेवा, मी थोडी जास्त धरून चालते.

तुमची,
नणंद


गुरुवार, २७ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

जेवते. उभ्याने जेवते, पण जेवते.

काल बागेत एक प्रकार घडला. ट्रॉम्बोन वाजवणारे गृहस्थ, चांगले धिप्पाड, मधल्या सुट्टीत घाम पुसत आले आणि मी तोंड उघडायच्या आत ह्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची मिटली. बाहेर फक्त बूट आणि टोपी उरली. तेवढ्यात ड्रमवाला हात मोकळे करत होता, त्याने नेमकी झांजेवर थाप मारली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या चांगल्या पडल्या. गृहस्थांना काही लागलं नाही. खुर्चीतूनच त्यांनी टोपी काढून लोकांना अभिवादन केलं.

रखवालदाराला मात्र हे रुचलं नाही. मोडकं सामान बागेत चालणार नाही, एक तर खुर्ची दुरुस्त करा नाहीतर घरी ठेवा, असं त्याने बजावलं. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला दाखवली. तो म्हणाला, एक खिळा बदलायचा, चहा निवायच्या आत होईल.

मी खुर्ची तशीच परत आणली. खिळा बसला की तिच्यावर कोणीही बसू शकेल. नेमकं तेच मला नको आहे.

हे वेडेपणाचं आहे हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही, हे मला पुस्तकं वाचूनही माहीत नव्हतं.

रंगाऱ्यांना माझा नमस्कार. लोभाला गुडघे नसतात, तेव्हा तो तरी पाठवावा.

तुमची,
वहिनी


गुरुवार, ४ जुलै

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की साहेब धावत आले. त्यांना वाटलं मी रडते आहे. मग खरंच रडले, त्यामुळे त्यांचं धावणं फुकट गेलं नाही.

आता खरं सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. रंगारी कधीच गेले. मला तुमच्या दाराची भीती वाटते. घंटा वाजवली की दादाची चप्पल वाजायची, मग तो आतून ओरडायचा की आलो आलो, आणि ती साखळी काढायला जन्म घालवायचा. दर वेळी मी बाहेरून त्याला चिडवायची. आता घंटा वाजवली की तुम्ही लगेच दार उघडाल. तुम्ही पहिल्यापासून चटपटीत. तेच मला सोसवणार नाही.

तुम्ही खिळा बसवत नाही आणि मी घंटा वाजवत नाही. दादा असता तर दोघींना सारखंच हसला असता.

रागावू नका. माया तोडली नाहीत तर पुढचं पत्रही लिहीन.

तुमची,
नणंद


गुरुवार, ११ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

घंटा वाजवूच नका. घरी येऊच नका. स्टेशनवरून थेट बागेत या, शेवटच्या बुधवारी. कारंज्याजवळच्या मोठ्या झाडाखाली मी असेन. दाराचं नंतर बघू.

रखवालदाराशी बोलले. त्या दिवशी खुर्चीवर फक्त घरचं माणूस बसेल, असं सांगितलं. तो म्हणाला, पडलं तर बागेची जबाबदारी नाही. मी हो म्हटलं. तेव्हा बसण्याआधी ह्यांची बसायची रीत माझ्याकडून समजून घ्या, घाई करू नका.

लोभ प्रत्यक्ष घेऊन यावा.

तुमची,
वहिनी


शुक्रवार, २ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. इथे असताना एक गोष्ट बोलले नाही, ती लिहिते.

बुधवारी तुम्ही उशिरा आलात. वाजवणं सुरू झालं होतं. रीत सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तुम्ही बसलातसुद्धा. डावीकडे रेलून, एक पाय खाली मुडपून, पिशवी पोटाशी धरून, थेट ह्यांच्यासारखं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची उभी होती.

ह्यांच्या बसण्यात काही युक्ती नव्हती हे मला तेव्हा कळलं. तुमच्या घरातलं बसणंच तसं आहे. तिसऱ्या गाण्याला तुम्ही झोपलात, तेही ह्यांच्यासारखंच, हनुवटी छातीवर आणि चेहऱ्यावर जाणकाराचा भाव. तो ट्रॉम्बोनवाला वाजवताना तुमच्याकडे टक लावून बघत होता. त्याला आपल्यात काय कमी पडलं ते समजेना.

घरी आलो तेव्हा किल्ली मी तुमच्या हातात दिली आणि जिन्यात मुद्दाम मागे राहिले. कुलूप तुम्ही पटकन उघडलंत, पण उंबऱ्यात बराच वेळ उभ्या राहिलात. मग आत गेलात, आणि मी जिन्यातून आले आले म्हटलं तर ओरडलात, की दादासारखं आलो आलो काय करता, या आत. त्या दिवशी मी बसून जेवले.

काल तुमची गाडी सुटल्यावर खुर्ची सायकलवाल्याकडे नेली. त्याने खरंच चहा निवायच्या आत खिळा बसवला. आता ती कोणाखालीही उभी राहते. मी सरळ बसून पाहिलं, काही झालं नाही.

पुढच्या वर्षी ती बागेत कोणालाही बसायला देईन. तुम्ही आलात की मात्र डावीकडूनच बसा.

लोभ होता तसाच आहे, फक्त आता त्याला दोन खुर्च्या लागतात.

तुमची,
वहिनी