विनताताईंची परवानगी माझ्यामागे कोणाकडे

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

पावसाळ्याआधीपासून या वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. आज लिहिते आहे तेही रोजच्यासारखं नाही.

मी, प्रणोती अनिमेष गर्गे, वय ४६, महाविद्यालयात भौतिकशास्त्राची अध्यापिका, राहणार नेपियर टाऊन, जबलपूर, माझं हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. तब्येत ठणठणीत आहे. डोकंही ठिकाणावर आहे. तिथे "रियाज चालू नसेल तेव्हा" असे शब्द घालावेत अशी सूचना अनिमेषने केली, ती मी घेतलेली नाही.

कलम १. फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक माझे पती अनिमेष यांना. दागिने थेट मुलीला, अवंतिकेला.

कलम २. आईचा तंबोरा अवंतिकेला. ती गात नाही, पण तंबोरा माझ्यापेक्षा चांगला लावते. तारा बदलत राहाव्यात.

कलम ३. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मीरा वहिनींना. सासरच्या माझ्या पहिल्या दिवाळीत त्यांनी पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "ही घरघर बंद कधी होते गं?" या पेटीला बटण आहे. हे कलम मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. अवंतिकेच्या वेळी याच वहिनींनी मला महिनाभर गार पाण्यात हात घालू दिला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही राहू देत.

कलम ४. मोठा माइक शेजारच्या केतनभैयांना. एकदा त्यांनी तो गणपतीच्या मिरवणुकीला नेला आणि गुलालासकट परत आणला. तेव्हापासून तो "स" नीट पकडत नाही. त्यांचा त्यांना लखलाभ.

कलम ५. ध्वनिमुद्रणं. खरं तर याच कलमासाठी मी लिहायला बसले.

आमच्या बैठकीच्या खोलीत गेली कित्येक वर्षं अधूनमधून रविवारी गाणं होतं. तिकीट नाही, सूत्रसंचालन नाही. गाणारे बहुतेक इथलेच, कोणी रेल्वेतले, कोणी तोफांच्या कारखान्यातले. मी रेकॉर्ड करते. यंत्र सुरू केलं की आधी विचारते, याचं पुढे काय करू? कलाकाराचं उत्तर गाण्याच्या आधी, त्याच ध्वनिमुद्रणात राहतं. आमचा करारनामा तो एवढाच. एक तबलजी म्हणाले होते, "दीदी, जहाँ सुनाना हो सुनाओ, बस नाम ठीक लिखना."

विनताताई शाळेत शिकवायच्या. स्टेजवर कधी बसल्या नाहीत. आमच्याकडे एकदाच गायल्या. मी यंत्र सुरू केलं तशा म्हणाल्या,

"आत्तापासून काहून सुरू करून राहिली गं ते?"

"परवानगी हवी, ताई."

"अच्छा. मग ऐक. मी आहे तोवर हे घराबाहेर नको. माझ्यामागे तू ठरव. तुझे कान मला ठाऊक आहेत."

मग त्यांनी गौड सारंग गायला. मध्येच शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. ताई थांबल्या नाहीत, उलट शिट्टी संपता संपता समेवर आल्या आणि खोली हसली. पुढे त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या हळू आवाजात बोलू शकतात, गाऊ शकत नाहीत. त्यांच्या गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण माझ्या माहितीत नाही.

मागच्या आठवड्यात अवंतिका कौतुकाने म्हणाली, "मम्मी, विनता आजी का गाना मैंने साफ कर दिया. कुकर भी गया." तिच्या सॉफ्टवेअरने कुकर काढला, त्याबरोबर ताईंचा श्वासही काढला. सुरुवातीचं बोलणं तिने फालतू समजून कापलं होतं. आणि मला आनंद व्हावा म्हणून गाणं इंटरनेटवर टाकलंही होतं. संध्याकाळपर्यंत कुठल्याशा कंपनीच्या यंत्राची नोटीस आली.

"कंपनी बोल रही है, ये रेकॉर्डिंग उनकी है."

"अच्छा," अनिमेष म्हणाला, "म्हणजे ताई आपल्या खोलीत बसून त्यांची ड्युटी करत होत्या?"

बंदिश शेकडो जण गातात; यंत्राला चाल कळली, माणूस कळलं नाही. त्याचा मला फारसा राग आला नाही. मी अवंतिकेला मूळ फाइल सुरुवातीपासून ऐकवली. "मी आहे तोवर" ऐकल्यावर तिने लगेच इंटरनेटवरून गाणं काढून टाकलं. मूळ प्रत शाबूत आहे.

माझी झोप उडाली ती पुढच्या वाक्याने. "माझ्यामागे तू ठरव." आणि मीच आधी गेले तर? फ्लॅट वारसाला देता येतो. ताईंनी माझ्या कानांवर टाकलेला भरवसा कलम घालून मुलीच्या नावे करता येईल, असं मला वाटत नाही. कुलूप लावून ठेवावं, तर ही बाई गात होती हे जगात कोणाला कळणार नाही. तेही मला बरोबर वाटत नाही. म्हणून आजपुरतं असं:

सर्व ध्वनिमुद्रणं अवंतिकेकडे. कुठल्याही फाइलची सुरुवात कापू नये. कलाकार जे बोलला ते पाळावं. जिथे काही बोललेलं नाही, ते बाहेर जाऊ नये. विनताताईंचं गाणं घरातच राहील. त्यांनी स्वतः कोणाचं नाव सांगितलं, तर तशी पुरवणी जोडीन.

कलम ६. माझ्या तेराव्याला स्पीकर लावू नये. कोणाला गावंसं वाटलं तर गावं, नाहीतर लोकांनी जेवावं, गप्पा माराव्यात. मी भरपूर ऐकलं आहे, तेही समोर बसून. माझी कसलीच तक्रार नाही.

साक्षीदारांना यात काहीही ठेवलेलं नाही. दोघांना चहा दिला. स्वानंदीने कलम ३ वाचून कप खाली ठेवला आणि मीरा वहिनींना हे कोण वाचून दाखवणार, असं विचारलं.

सही: प्रणोती अनिमेष गर्गे

आमच्या दोघांच्या समोर सही केली:
१. आलोक विष्णुपंत देवस्थळी, राइट टाऊन
२. स्वानंदी अपूर्व मुळे, नेपियर टाऊन

जबलपूर, २ नोव्हेंबर २०२५

उद्या: अधारतालला जाऊन विनताताईंना, रेकॉर्डर चालू ठेवून, विचारणे की त्यांच्याआधी मी गेले तर कोणी ठरवायचं.