बाबा – तीन आठवडे

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेला तुझा वाद, तिन्ही आहेत तिथेच असतील असं धरून चालतो. (सुटले असते तर तू कळवलं नसतंस, तक्रार नसली की तुला बोलायला विषयच उरत नाही.) मी ठणठणीत आहे. हे वाक्य मी सवयीने लिहिलेलं नाही. त्याला पुरावा आहे, आणि तोच सांगायला बसलो आहे.

आमची कन्या विद्यापीठात खेळाडूंच्या कपड्यांचं डिझाइन शिकते, हे तुला ठाऊकच आहे. (अर्धी चड्डी शिवायला चार वर्षं कशाला लागतात, हा तुझा प्रश्न मी तिच्यापर्यंत पोचवला होता. तिने फक्त माझ्या चड्डीकडे बघितलं.) गेल्या सुट्टीत ती आली ती वेगळीच होऊन. मी पेपर वाचत असलो की समोर बसून टक लावून बघायची. जिना चढताना मागून फोटो काढायची. एके सकाळी माझ्या कोपरांना आणि गुडघ्यांना लाल कागदी टिकल्या चिकटवून मला दहा वेळा खाली बसून उठायला लावलं. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "असंच." बत्तीस वर्षं विम्याचे दावे तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे उत्तर देऊ नये. जाताना तिने माझा अंगातून नुकता काढलेला, न धुतलेला बनियन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वर तारीख टाकली. प्रयोगशाळेत नमुने कसे जातात एवढं मला कळतं. त्याहून वाईट म्हणजे तुझी भावजय माझ्याशी गोड वागायला लागली. पंखा चारवर ठेव म्हटलं तर चारवर. (तीस वर्षांत तो तीनच्या पुढे गेला नव्हता.)

कन्या गेल्यावर तिच्या टेबलाच्या खणात मला एक वही सापडली. (सापडली म्हणजे मी शोधली.) आत तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: पुरुष, वय एकसष्ट. डावा खांदा उतरलेला. पाठीला बाक. दमल्यावर उजवा पाय ओढतो. खाली तांबड्या शाईने: बाबा – तीन आठवडे. आईला सांगितलंय. त्यांना इतक्यात नको.

अक्का, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मरणाचे कागद वाचले. इतकं नेटकं टिपण क्वचितच हाती आलं होतं. मी कुणाला काही विचारलं नाही; विचारलं की माणसं आधी सावध होतात आणि मग रडतात. घरातल्या सगळ्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या. गॅसवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. तुझ्या भावजयीला बँकेचा फॉर्म भरायला शिकवायला बसलो, तर तो तिला माझ्यापेक्षा चांगला येत होता. (इतक्या संसारात हा संशय मला कधी आला नव्हता.) पण बाराव्या दिवशी राहवेना. जुना मित्र आजारी आहे असं सांगून मी सकाळची गाडी पकडली आणि थेट विद्यापीठ गाठलं.

त्यांची कार्यशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. मधे कापड कापायची टेबलं, भिंतीला लागून शिलाई मशिनं, आणि खिडकीपाशी एक यंत्र कापडाचा तुकडा दोन्हीकडून ओढत होतं, किती ताणतो ते बघायला. कोपऱ्यात मुंडकं नसलेला एक पुतळा उभा होता. पोटाला कापसाची गादी बांधलेली, डावा खांदा उतरलेला, पाठीला बाक, छातीवर चिठ्ठी: बाबा. मागच्या भिंतीवर माझा बनियन टाचण्यांनी ताणून लावला होता आणि घामाच्या डागांभोवती निळ्या पेनाने गोल काढले होते. आपल्या घामाचा नकाशा असा जगासमोर टांगलेला बघायची वेळ कुणावर न येवो. कन्या तोंडात टाचण्या धरून पुतळ्याच्या बगलेत काहीतरी करत होती. मला बघून ती थिजली.

मी म्हटलं, "मला किती दिवस आहेत ते सरळ सांग."

तिने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीत खोचली. "नऊ," ती म्हणाली. "पण तुम्हाला कुणी सांगितलं? आईने?"

"नऊ दिवसांनी काय होणार आहे?"

"परीक्षा. तुम्ही माझे कपडे घालून परीक्षकांसमोर चालायचंय."

मी स्टुलावर बसलो. ते मशिनचं होतं, फिरलं. मग तिने समजावलं की खेळाचे कपडे सगळे विशीतल्या अंगाच्या मापाने शिवतात आणि साठीनंतर चालायला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ते चढतात, काखेत काचतात. म्हणून तिने मला निवडलं होतं, आणि परीक्षेपर्यंत मला खुशीत ठेवायचं काम आईकडे दिलं होतं. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. "सांगितलं असतं तर तुम्ही तीन आठवडे पोट आत घेऊन चालला असता," ती म्हणाली. हे खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. मी काय समजलो होतो ते सांगितलं, तेव्हा ती आधी हसली, मग हसायची थांबली, आणि बराच वेळ माझ्या खांद्याचं माप घेत राहिली. ते तिने आधीच घेतलेलं होतं.

परीक्षेला मी चाललो. परीक्षक बाई पूर्वीच्या धावपटू होत्या. त्यांनी मला हात वर करायला लावले, वाकवलं, मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि पाठीवरचं कापड जागचं हललं नाही. त्या म्हणाल्या, "या माणसाला ही नीट ओळखते." कन्या पास झाली. पहिली आली नाही. पहिला आलेल्या मुलाचा पोहण्याचा पोशाख मला अजूनही संशयास्पद वाटतो. (शिवण विकतची होती असा माझा अंदाज आहे. मी परीक्षक बाईंना तसं बोललोही. कन्येने मला बाहेर नेलं.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – गेल्या महिन्यात मी तुला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं एक पाकीट पाठवलं होतं, वर "माझ्या पश्चात उघडावे" असं लिहून. ते न उघडता परत पाठव. एवढं पत्र त्याचसाठी लिहिलं.

ता. क. २ – उघडलं असशील, तर तुझ्या लग्नातल्या फोटोंचा रोल उन्हात मीच उघडला होता, फोटोग्राफरने नाही, हे कबूल करणारं पहिलं पान मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो हे ध्यानात ठेवून वाच. दुसऱ्या पानावर तुझ्याबद्दल जे चांगलं लिहिलं आहे, ते मरणाऱ्या माणसाने लिहिलेलं असल्यामुळे आता लागू नाही.

ता. क. ३ – तू ते उघडलंच आहेस. परवा रविवारी फोनवर तू मला "जेवलास का" असं विचारलंस आणि उत्तर येईपर्यंत थांबलीस. असं आजवर झालेलं नाही. तेव्हा पहिलं पान तेवढं परत पाठव. दुसरं राहू दे तुझ्याकडे.